दामाजीपंतांची पावती

वारकरी बंधुभगिनींनो, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान ऐकले नाही असा माळकरी आपल्यात शोधूनही सापडायचा नाही. बहामनी अमदानीतला तो दुष्काळ. माणसे झाडपाला खाऊ लागली. दारोदार हात पसरले तरी पदरात मूठभर जोंधळा पडेना. मंगळवेढ्यात मात्र बादशहाची कोठारे धान्याने भरलेली होती आणि ती दामाजीपंतांच्या ताब्यात होती. पंतांनी आपल्या जिवाचा विचार केला नाही. कोठारे उघडली आणि धान्य भुकेल्यांना वाटून टाकले. बेदरला चहाडी गेली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. पुढचे आपण सर्व जाणताच. पंत बेदरला पोचण्याआधी पंढरीचा राणा विठू महाराच्या रूपाने, हाती काठी, खांद्यावर घोंगडी, असा दरबारात उभा राहिला. धान्याची किंमत त्याने मोजून दिली, पावती घेतली आणि आल्या वाटेने निघून गेला.

कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. कोठारे उघडली की आपण टाळी वाजवितो, देव धावून आला की नामघोष करतो. पण मधली एक गोष्ट आपल्या हातून निसटते. देव बेदरला गेला तो कशासाठी? ज्याच्या सत्तेवाचून झाडाचे पान हलत नाही असे आपण म्हणतो, त्याला बादशहाची बुद्धी फिरविणे काय अवघड होते? पंतांच्या बेड्या गळून पडाव्या असे मनात आणले असते तरी पुरे होते. पण देवाने तसे केले नाही. त्याने दाम मोजले आणि वर पावती मागून घेतली. ज्याचे धान्य होते त्याचा हिशेब पुरा केला, आणि मगच भक्ताला सोडविले.

त्या पावतीवरच आजचे निरूपण आहे. भुकेल्याच्या मुखी घास पडला म्हणजे अन्नदानाचा अर्धा भाग झाला. तो घास ज्याच्याकडून आला त्याचे मोल चुकते झाले म्हणजे दुसरा अर्धा पुरा होतो. पहिला अर्धा आपण हौसेने करतो. दुसऱ्याची आठवण सहसा राहत नाही.

आता दृष्टांत. तो आम्ही या वेळी जरा दूरचा, थेट अमेरिकेतला घेत आहोत. कोणी म्हणेल, पंढरीची वाट सोडून सातासमुद्रापलीकडे जाण्याचे काय कारण? कारण एवढेच, की तिथल्या काही राज्यांनी गेल्या काही वर्षांत जे केले, त्यात या पावतीचा अर्थ आम्हांला स्पष्ट दिसला. आणि भूक कुठल्याही मुलखातली असली तरी एकाच ठिकाणी लागते, ती पोटात.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि मोटारी येतात. तिथे कोणी उपाशी निजत असेल हे मनाला पटत नाही. पण त्या देशाच्या कृषिखात्याने २०२३ सालासाठी केलेली पाहणी सांगते की, शंभरांतील साडेतेरा घरांना त्या वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. माणसे मोजली तर ४ कोटी ७४ लाख होतात. यांत दिवसभर राबणारी माणसे आहेत, म्हातारी आहेत, शाळेत जाणारी लेकरे आहेत. घरभाडे आणि औषधपाणी भागविताना महिनाअखेर हात रिकामा होतो आणि मग पोटाला चिमटा घ्यावा लागतो.

अशा लोकांसाठी तिकडे ‘फूड बँक’ असते. आपण तिला अन्नपेढी म्हणू. तिचा उगम ऐकण्यासारखा आहे. ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचे शहर आहे. तिथे जॉन व्हॅन हेंगेल या नावाचे एक गृहस्थ एका धर्मादाय अन्नछत्रात सेवा करीत. लोकांच्या अंगणात संत्री-मोसंब्यांची झाडे असत आणि फळे खाली पडून सडत. हे गृहस्थ ती फळे मागून आणीत आणि अन्नछत्राला देत. आपल्याकडे पीक काढून नेल्यावर गोरगरीब शेतात सरवा वेचतात ना, तसाच हा फळांचा सरवा. पुढे त्यांना एक बाई भेटली. पदरी दहा लेकरे, कमावणारे कोणी नाही. ती दुकानांमागे टाकून दिलेल्या मालातून खाण्याजोगे निवडून लेकरांना जगवीत होती. ती म्हणाली, जशी पैशाची पेढी असते तशी अन्नाचीही असावी. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे, ज्याला गरज आहे त्याने न्यावे. या बोलण्यावरून १९६७ साली फिनिक्सच्या सेंट मेरी चर्चच्या मदतीने पहिली अन्नपेढी सुरू झाली. आज त्या देशात अशा मोठ्या पेढ्या दोनशेच्या घरात आहेत. त्यांच्या वखारींतून गावोगावच्या हजारो वाटपकेंद्रांना माल जातो.

इथवर गोष्ट गोड आहे. पण पुढे पेढ्या वाढल्या आणि एक अडचण उभी राहिली. पेढीत टिकणारा माल ठेवणे सोपे. डब्यात बंद केलेला घेवडा, डब्यातले सार, खारविलेले, पाकातले, बिस्किटे. वर्षभर फळीवर ठेवा, बिघडत नाही. ताजी भाजी आणि फळे ठेवणे तसे सोपे नाही. पालेभाजी सकाळी तोडली तर संध्याकाळी मान टाकते. तिला शीतगृह लागते, गार गाडी लागते, निवडायला हात लागतात आणि वेळेवर वाटप लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी गरिबाच्या पिशवीत डबेच पडत. ज्याला रक्तदाब त्याच्या हातात खारट डबा, ज्याला मधुमेह त्याच्या हातात पाकातली फळे! पोट भरले, पण पोटाबरोबर दुखणेही वाढले.

इथे आम्हांला अरणच्या सावतोबांची आठवण होते. सावता महाराजांनी तीर्थे फिरली नाहीत. पंढरी जवळ असूनही मळा सोडून ते वारीला गेले नाहीत. भाजीला पाणी देता देता त्यांना त्या हिरव्या वाफ्यातच विठाई दिसली. म्हणून तर देवच अरणला भेटीस येतो, अशी आपली परंपरा आहे. ज्या भाजीत सावतोबांनी देव पाहिला, ती भाजी गरिबाच्या ताटापर्यंत पोचू नये आणि त्याने मात्र शिळ्या-सुक्यावर दिवस काढावेत, हे कुठल्या धर्मात बसते? आपण विठोबाला नैवेद्य दाखवितो तेव्हा कालची भाजी वाढतो का? काळे पडलेले केळे त्याच्यापुढे ठेवतो का? मग भुकेल्याच्या पोटात तोच नारायण आहे असे तोंडाने म्हणायचे आणि त्याला उरलेसुरले द्यायचे, याला काय म्हणावे? नैवेद्याच्या ताटात जे चालत नाही ते अन्नदानातही चालू नये, एवढी साधी कसोटी पुरे आहे.

तर मग ताजी भाजी नव्हतीच का त्या देशात? होती. नुसती होती नव्हे, ढीगच्या ढीग होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲडम्स परगण्यात सफरचंदांच्या बागा आहेत. त्याच राज्यात केनेट स्क्वेअर या गावाच्या आसपास अळंबीचे एवढे पीक निघते की साऱ्या देशात तसे दुसरीकडे निघत नाही. बागेतली सगळी सफरचंदे बाजारात जात नाहीत. एखादे आकाराने लहान, एखाद्याला रंग कमी, एखाद्यावर गारेचा ठिपका. चवीला तेच, गुणाला तेच. पण व्यापारी ते घेत नाही. कधी माल उत्तम असतो, पण भाव इतका पडतो की तोडणीही निघत नाही. मग फळ झाडाखाली गळते आणि मातीला मिळते.

शेतकऱ्याने ते धर्मार्थ का दिले नाही, असे आपण सहज विचारतो. एक कारण भीतीचे होते. दिलेल्या अन्नाने कोणी आजारी पडला तर कोर्टकचेरी मागे लागेल, ही भीती. ती दूर करण्यासाठी १९९६ साली तिथल्या केंद्र सरकारने कायदा केला, की शुद्ध भावनेने अन्न देणाऱ्यावर असा दोष येणार नाही. भीती गेली, तरी फळे झाडाखालीच राहिली. कारण दुसरे कारण पैशाचे होते. फळ फुकट द्यायचे म्हटले तरी ते तोडायला मजूर लागतो, भरायला खोके लागते, न्यायला गाडी लागते. ज्याचा माल विकला गेला नाही, त्यानेच पदरचे पैसे घालून तो दान करावा, हे बोलायला सोपे आहे. कर्जात असलेल्या माणसाला ते झेपत नाही. दातृत्व त्याच्या मनात होते, मजुरी त्याच्या खिशात नव्हती.

ही गाठ पेनसिल्व्हेनियाने ओळखली. २०१० साली त्या राज्याने शेतीचा जादा माल अन्नपेढ्यांपर्यंत पोचविण्याचा कायदा केला. त्याचा मतलब थोडक्यात असा, की शेतकऱ्याने माल द्यावा आणि तोडणी, प्रतवारी, भरणी व वाहतूक यांचा खर्च राज्याने भरून द्यावा. कायदा उत्तम होता. पण त्यासाठी तिजोरीतून पैसा सुटेना. कागदावर कोठार उघडले, किल्ली मात्र फिरेना! अशी पाच वर्षे गेली. शेवटी २०१५-१६ च्या अंदाजपत्रकात पहिल्यांदा पैसे पडले आणि मग बागेतले सफरचंद हलले. पाठोपाठ अळंबी आली, बटाटे आले, अंडी आली, दूध आले, जादा दुधाचे चीज करून तेही आले. फळ तेच, शेतकरी तोच, भुकेलाही तोच. मध्ये मजुरीचे आणि भाड्याचे पैसे तेवढे नव्हते, ते राज्याने घातले. ओहायो राज्यात तर त्याही आधीपासून जादा भाजीपाल्यापोटी शेतकऱ्याला थोडे मोल देऊन तो पेढ्यांना पोचविण्याची रीत आहे. पुढे २०१८ च्या शेतीकायद्यात देशाच्या केंद्र सरकारनेही या कामासाठी वर्षाला ४० लाख डॉलर ठेवले, आणि राज्यांनी त्यात आपली भर घालावी असे ठरविले.

न्यूयॉर्क राज्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. २०२० सालचा चैत्र-वैशाख आठवा. महामारीने सारे जग घरात कोंडले होते. तिथे शाळा बंद, खाणावळी बंद, म्हणून दुधाला गिऱ्हाईक नाही. पण गाय काही टाळेबंदी ओळखत नाही, ती वेळेवर पान्हा सोडतेच. शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून दूध ओतून दिले. आणि त्याच राज्याच्या शहरांत, कामधंदा गेलेली माणसे अन्नासाठी लांबच लांब रांगा लावून उभी होती. एका टोकाला दूध मातीत जाते आहे, दुसऱ्या टोकाला लेकरू दुधासाठी रडते आहे. मध्ये होते काय? रस्ता होता, गाडी होती, पेढीही होती. दाम मोजणारा तेवढा नव्हता. त्या वर्षी एप्रिलअखेर राज्याने अडीच कोटी डॉलर काढले आणि अन्नपेढ्यांना सांगितले, की या पैशांनी आपल्याच राज्यातल्या शेतकऱ्यांकडून दूध, दही, फळे, भाजी विकत घ्या आणि वाटा. इथे नुसते भाडे-मजुरी नव्हे, मालाचेही मोल आले. संकट ओसरल्यावर ही सोय बंद पडू नये म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा कायमचा कायदा झाला.

आता सांगा, विठू महाराने बेदरच्या दरबारात केले ते याहून निराळे काय होते? तिथे देवाने मोहरा मोजल्या, इथे राज्याने डॉलर मोजले. आम्ही सरकारला देव म्हणत नाही, तसा कोणाचा समज नसावा. सरकारे येतात आणि जातात. पण देवाने जी रीत घालून दिली ती ज्याने पाळली त्याचे कौतुक करायला वारकऱ्याने कचरू नये.

इथे दोन-तीन शंका निघतात. त्यांचा परामर्श घेऊ.

पहिली शंका अशी, की पैसा सरकारचा, माल शेतकऱ्याचा, वाटणारे सेवेकरी निराळे. मग पुण्य कोणाचे? अहो, सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? काडेपेटी घेणारापासून गिरणी चालविणारापर्यंत सर्वांच्या करातून तो जमतो. म्हणजे मजुरीचे दाम सगळ्या प्रजेने वर्गणी करून दिले. आपल्या दिंडीत भिशीचे पैसे सर्वांचे असतात, शिधा एखाद्या गावाचा असतो, स्वयंपाक करणारे हात निराळे असतात. पंगतीचे पुण्य कोणाचे, म्हणून आपण कधी भांडतो का? पुण्याचे वाटे घालायला आपण बसलो तर भुकेला ताटावर ताटकळत बसायचा. तुकोबारायांचे उदाहरण पाहा. दुष्काळ सरल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. ती तूट कुळांच्या डोक्यावर न टाकता स्वतः सोसली. दामाजीपंतांच्या धान्याची तूट देवाने सोसली. कोणी तरी तूट सोसल्याशिवाय दान होत नाही. प्रश्न एवढाच की ती सोसायची कोणी. आधीच मोडलेल्या शेतकऱ्याच्या पाठीवर ती टाकण्यापेक्षा सर्वांनी थोडी थोडी उचलली तर ती जड होत नाही.

दुसरी शंका अशी, की फुकट मिळाले म्हणजे माणूस आळशी होतो. ही शंका बहुधा पोट भरलेल्या माणसाला येते. वारीच्या वाटेवर गावकरी पिठलं-भाकरी घेऊन उभे असतात, ते वारकऱ्याला विचारतात का, की बाबा, तू घरी काम करतोस का? भाकरी हातावर ठेवतात आणि पायाला हात लावतात. अमेरिकेतल्या त्या रांगांत उभी असणारी पुष्कळ माणसे काम करणारीच आहेत, हे वर सांगितलेच. आणि गाजर, कोबी, सफरचंद मिळाल्याने कोणी आळशी झाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. लेकरांची हाडे मात्र त्याने घट्ट होतात.

तिसरी शंका खरी जड आहे. ती अशी, की सरकारने हात आखडला तर? याचेही उत्तर त्याच देशात मिळते. अन्नपेढ्यांनी जवळच्या शेतकऱ्यांकडून खरेदी करावी म्हणून तिथल्या केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस एक योजना जाहीर केली होती. राज्यांच्या हातून तो पैसा खर्च होई. मार्च २०२५ मध्ये केंद्राने तिचा पुढचा निधी रद्द केला. या पैशाच्या भरवशावर लहान शेतकऱ्यांनी पेरणीचे बेत केले होते, पेढ्यांनी वाटपाचे बेत केले होते. दोघेही अडचणीत आले. म्हणून केवळ सरकारवर भार टाकून आपण हातावर हात ठेवून बसणे शहाणपणाचे नाही. पण यावरून सरकारचा काही उपयोग नाही असे म्हणणेही चुकीचे. ज्या राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकात स्वतःची तरतूद केली होती, त्यांची वाट अगदीच बुजली नाही. सरकार आणि लोक ही टाळाची दोन पाने आहेत, एकाने नाद निघत नाही.

आता हा दृष्टांत आपल्या अंगणात आणून पाहू, कारण निरूपण ऐकून घरी रिकाम्या हाताने जायचे नसते.

आपल्याकडे धान्याची सोय पुष्कळ झाली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क मिळाला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. दामाजीपंतांचे कोठार एका अर्थाने देशभर उघडले. पण त्यात गहू आणि तांदूळ आहेत. सावतोबांच्या मळ्यातले त्यात काही नाही. भाजीला त्या पिशवीत जागा नाही. आपल्या राज्याने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यात दोन चपात्या, भात आणि वरण यांबरोबर १०० ग्रॅम भाजीची वाटी ठरविली. तिचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. थाळीचा दर शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला. खाणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे आणि राहिलेले राज्याने भरायचे असे ठरले. म्हणजे कोणी तरी मोल भरल्यावाचून ती वाटीभर भाजीही ताटात येत नाही.

आणि दुसरीकडे काय चालते? ऑगस्ट २०२१ मध्ये टोमॅटोचा भाव घाऊक बाजारात किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि नाशिक-औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला १ रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता पट्टीवर २ रुपये ४९ पैसे उरले आणि त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. हे पंढरीच्याच जिल्ह्यात घडले. आपल्यापैकी पुष्कळ माळकरी कांदा खात नाहीत. पण तो कांदा पिकविणाऱ्या हातांत टाळ असतो आणि गळ्यात माळ असते, हे आपण विसरू नये. देवाने बेदरला घेतली ती पावती, आणि या शेतकऱ्याच्या हाती आली ती पट्टी. दोन्ही कागदच. पण एकात मोल चुकते झाले होते, दुसऱ्यात नाही.

मग करायचे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवितो. त्या कठीण नाहीत.

एक. दिंडी, फड, मठ, सप्ताह, जिथे जिथे आपली पंगत बसते तिथे भाजी शेतकऱ्याकडून थेट घ्यावी आणि रास्त दाम देऊन घ्यावी. तो भक्तीने फुकट देऊ लागला तर त्याचा भाव मोडू नये, पण त्याची परिस्थिती पाहावी. निदान तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे त्याच्या हातावर ठेवावे. बाजार पडला असेल त्या दिवशी तर आवर्जून त्याच्याच मळ्यावर जावे. पंगतीच्या वहीत भाजीच्या नोंदीपुढे दिलेली रक्कम लिहावी, म्हणजे दामाजीपंतांची पावती आपल्या दप्तरी राहील.

दोन. द्यायचे ते ताजे द्यावे. केळे द्यायचे तर आपण खाऊ असे द्यावे. पंगत उठल्यावर उरलेले सायंकाळी वस्तीवर नेऊन टाकणे म्हणजे अन्नदान नव्हे, ती आपल्या भांड्यांची सफाई झाली. वस्तीसाठी निराळी भाजी आधीच काढून ठेवावी.

तीन. राज्याकडे मागणे मागायला संकोच करू नये. ग्रामसभेत, आपल्या प्रतिनिधीपुढे सांगावे, की भाव पडला म्हणजे माल रस्त्यावर ओतू देण्यापेक्षा त्याची तोडणी आणि भाडे भरून तो अंगणवाडीत, आश्रमशाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात पोचवावा. पेनसिल्व्हेनियाला हे जमले, न्यूयॉर्कला जमले. तिथेही आधी कायदा नुसता कागदावर पाच वर्षे पडून होता, हेही सांगावे. कायदा झाला म्हणजे काम झाले असे समजू नये, किल्ली फिरेपर्यंत पाठ सोडू नये. हे राजकारण नव्हे. कोठार उघडण्यासाठी दामाजीपंतांनी शिक्षा पत्करली. आपल्याला तर नुसते तोंड उघडायचे आहे.

बंधुभगिनींनो, पंढरीला निघालेल्या प्रत्येक पाऊलवाटेच्या दोन्ही अंगांना शेत आहे. त्या शेतात भाजी आहे, आणि वाटेवरच्या वस्तीत भाजीवाचून जेवणारी लेकरे आहेत. दोघांमधले अंतर पुष्कळदा कोसभराचेही नसते. तेवढे अंतर तोडायला एका गाडीचे भाडे आणि दोन मजुरांची मजुरी लागते. ती भरणारा जो कोणी असेल, सरकार असो, दिंडी असो, की आपल्यातला एखादा कनवटीला चार पैसे असलेला वारकरी असो, त्याने ते भरताना मनात एवढेच आणावे, की खांद्यावर घोंगडी टाकून पूर्वी एकजण हेच भाडे भरून गेला आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!